खोटी पत्रं खरी मानली आणि टेंभूच्या आगरकरांना १०१ दिवस तुरुंगात काढावे लागले

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ भागात कुणाहीसमोर टेंभू म्हणा, त्याला पाणीच आठवणार. कराड तालुक्यातल्या टेंभू गावाजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत दुष्काळी पट्ट्यात न्यायचं, अशी ही टेंभू उपसा सिंचन योजना. निवडणूक कुठलीही असो, टेंभूच्या पाण्यावर भाषण ठरलेलं.

पण योजनेच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी या गावाची ओळख वेगळी होती. १४ जुलै १८५६ ला इथे गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. इंटरनेटवर नुसतं आगरकर टाकलं तर आधी क्रिकेटवाले अजित आगरकर येतात, ते सोडा. पुण्यातली आघारकर संशोधन संस्थाही अनेकांना याच आगरकरांची वाटते. ती वनस्पतीशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची आहे. एका अक्षराच्या फरकाने माणूसच बदलतो.

टेंभूच्या आगरकरांची शाळेच्या पुस्तकातली ओळख दोन ओळींची असते. थोर समाजसुधारक, 'केसरी'चे पहिले संपादक, 'सुधारक'चे संस्थापक. बुद्धीला पटल्याशिवाय काही मानायचं नाही, हा त्यांचा बाणा. आता गंमत बघा. आयुष्यभर लोकांकडे पुरावा मागणारा हा माणूस ऐन पंचविशीत खोट्या पुराव्याला फसला. नुसता फसला नाही, तर त्यापायी तुरुंगात गेला.

आज मोबाईलवरचा चॅटबॉट छातीठोकपणे चुकीची माहिती देतो आणि आपण ती स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलतो. या सवयीबद्दल बोलायचं असेल तर आगरकरांच्या त्या खटल्याइतकं जवळचं उदाहरण सापडणार नाही.

आधी माणूस समजून घेऊ.

घरची परिस्थिती बेताची म्हणण्यापेक्षा नव्हतीच म्हणा. शिक्षणासाठी आधी कराड, तिथे नातेवाइकांच्या आधाराने राहणं. मग कचेरीत कारकुनी, काही काळ दवाखान्यात कंपाउंडरचं काम. शिकायचंच म्हणून रत्नागिरी गाठली, तिथेही जमलं नाही. शेवटी वऱ्हाडात अकोल्याला नातेवाइकांकडे जाऊन १८७५ मध्ये मॅट्रिक. तिथून पुण्याचं डेक्कन कॉलेज. अंगात घालायला एकच सदरा होता, तो रात्री धुवून वाळत घालायचा आणि सकाळी तोच चढवायचा, ही आठवण त्यांच्या प्रत्येक चरित्रात सांगितली जाते.

डेक्कन कॉलेजात त्यांची आणि बाळ गंगाधर टिळकांची गाठ पडली. दोघांचा जन्म १८५६ च्या जुलैचाच, आगरकर नऊ दिवसांनी मोठे. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाचं काम करायचं हे दोघांचं ठरलं. मोठं शिकलेला मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल, अशी आस लावून बसलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहून कळवलं की तसं होणार नाही, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. त्या काळात टेंभूसारख्या गावातल्या गरीब घराला हे वाचून काय वाटलं असेल, याचा विचार चरित्रं फारसा करत नाहीत.

१८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकरही त्यात सामील झाले. जानेवारी १८८१ मध्ये दोन वर्तमानपत्रं सुरू झाली. इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे, मराठी 'केसरी' आगरकरांकडे. संपादकाचं वय २४. आजच्या भाषेत सांगायचं तर नवाकोरा न्यूज स्टार्टअप, तरुण टीम, पैसे नाहीत आणि भीडही नाही.

आणि वर्षाच्या आत कोल्हापूरचं प्रकरण आलं.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. दत्तक आलेले, विशीही न गाठलेले. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली दिवाण माधवराव बर्वे बघायचे. महाराजांना वेड लागलंय असं सरकारकडून सांगितलं जात होतं. लोकांत मात्र वेगळीच कुजबुज होती. महाराज ठणठणीत आहेत, त्यांचा छळ होतोय, त्यांना मुद्दाम वेडं ठरवलं जातंय. पुण्यात या कुजबुजीने चांगलाच पेट घेतला होता. 'केसरी' आणि 'मराठा'ने हा विषय लावून धरला आणि दिवाणांवर जोरदार टीका सुरू केली.

याच काळात काही पत्रं पुढे आली. ती खुद्द दिवाण बर्व्यांची असल्याचं सांगितलं गेलं आणि महाराजांविरुद्धचा कट त्यातून उघड होत होता. म्हणजे जी गोष्ट सगळे दबक्या आवाजात बोलत होते, ती आता कागदावर, दिवाणाच्या नावानिशी हातात पडली. पत्रं पुण्यात या हातातून त्या हातात फिरत होती. 'केसरी' आणि 'मराठा'ने त्यांच्यावर भरवसा ठेवला.

बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा फौजदारी खटला भरला. आणि कोर्टात निघालं काय, तर ती पत्रं बनावट होती.

इथे जरा थांबू, कारण बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथून सुसाट पुढे पळते. टिळक-आगरकरांचा पहिला तुरुंगवास, लोकांनी केलेला जयजयकार, वीरांचं स्वागत. पत्रं खोटी होती हे अर्ध्या वाक्यात उरकलं जातं. मला विचाराल तर खरी गोष्ट त्या अर्ध्या वाक्यातच आहे.

विचार करा, फसले कोण? डेक्कन कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान घोटलेली माणसं. त्यातला एक पुढे अख्ख्या महाराष्ट्राला विवेक शिकवणार होता. अकलेत ते कमी नव्हते. मग झालं काय? त्यांना जे आधीपासून खरं वाटत होतं, तेच पत्रात लिहिलेलं होतं. दिवाण वाईट आहे हे ठरलेलंच होतं, कागदाने फक्त शिक्का मारला. पत्र मनासारखं नसतं तर हस्ताक्षर कुणाचं, कागद कुठून आला, मूळ प्रत कुठे आहे, हे प्रश्न आगरकरांनी नक्की विचारले असते. मनासारखं असलं की हे प्रश्न सुचतच नाहीत.

चॅटबॉटच्या बाबतीत नेमकं हेच होतं. फरक इतकाच की बनावट पत्र करणाऱ्याला आपण खोटं लिहितोय हे माहीत असतं, चॅटबॉटला तेही माहीत नसतं.

ही यंत्रं चालतात कशी, हे थोडक्यात. चॅटबॉटला जगभरचा प्रचंड मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यातून तो शिकतो की अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. तुम्ही प्रश्न विचारला की तो एकेक शब्द जोडत उत्तर रचतो. त्याच्यापाशी खरं-खोटं लिहिलेली खतावणी नसते. ज्या विषयावर भरपूर लिहिलेलं आहे तिथे उत्तर सहसा बरोबर येतं. जिथे मजकूर तुटपुंजा आहे तिथे तो जागा रिकामी सोडत नाही, शोभेल असं काहीतरी भरतो. आणि दोन्ही वेळा आवाज तोच. ठाम, नम्र, मुद्देसूद.

असं का होतं यावर चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्याच संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये एक निबंध मांडला. त्याचा सार सांगायचा तर आपल्या एमपीएससीच्या पोरांना पटकन कळेल. पेपरमध्ये चुकीच्या उत्तराला मार्क कापणार नसतील तर आपण एकही प्रश्न सोडत नाही, येत नसलं तरी गोळा मारून येतो. या यंत्रांच्या चाचण्याही बऱ्याचशा तशाच घेतल्या जातात. माहीत नाही म्हटलं तर शून्य, अंदाज लागला तर मार्क. मग यंत्र अंदाज ठोकायलाच शिकतं.

त्यात मराठीची वेगळी अडचण आहे. इंग्रजीच्या तुलनेत मराठी मजकूर इंटरनेटवर फारच कमी. जुनी वर्तमानपत्रं, तालुक्याचे इतिहास, गावच्या नोंदी यातलं कितीतरी अजून ग्रंथालयांच्या कपाटात आहे. त्यामुळे जितकं स्थानिक विचाराल तितकी गोळा मारण्याची शक्यता वाढते. साधं उदाहरण घ्या. १८८२ मध्ये तासगाव कुठल्या जिल्ह्यात होतं? उत्तर आहे सातारा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आजच्या नकाशावरून बेतलेलं उत्तर ऐकायला अगदी बरोबर वाटेल आणि तरी चुकीचं असेल. इतिहासाच्या पेपरात यात एखादा मार्क जाईल. हाच ठाम सूर औषधाच्या डोसबद्दल, द्राक्षबागेवरच्या फवारणीच्या प्रमाणाबद्दल किंवा जमिनीच्या वादातल्या कायद्याच्या कलमाबद्दल असेल तर मार्कावर भागत नाही.

आणि हे फक्त सामान्य माणसाचंच होतं असं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्राप्तिकर खात्याचा एक आदेश आला. एका कंपनीवर कर लावताना त्यात न्यायनिवाड्यांचे दाखले दिले होते, आणि असे निवाडे कुठे झालेच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला, प्रकरण पुन्हा विचारासाठी पाठवलं आणि एआयच्या काळात असे दाखले तपासल्याशिवाय वापरू नका, असं खात्याला सुनावलं.

टिळक-आगरकरांचा खटलाही शेवटी मुंबईच्या याच हायकोर्टात गेला होता. ओव्हल मैदानाजवळची आजची इमारत तेव्हा चार वर्षांची होती.

तर खटल्याकडे परत येऊ. पत्रं टिकत नाहीत हे दिसल्यावर दोघांनी माफी मागायची तयारी दाखवली. उपयोग झाला नाही. खटला चालू असतानाच मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर वारले, वय अवघं ३१. शाळा नवी, वर्तमानपत्रं नवी, आधारस्तंभ गेलेला आणि दोन्ही संपादक आरोपीच्या पिंजऱ्यात. जामिनाचा प्रश्न आला तेव्हा मदत आली ती सत्यशोधकांकडून. जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातले रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. फुल्यांचं मूळ गाव साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातलं कटगुण. पुढे टिळक आणि फुले यांच्या वाटा किती लांब गेल्या हे माहीत असलेल्यांना ही आठवण चकित करते.

जुलै १८८२ मध्ये निकाल लागला. चार महिन्यांची साधी कैद. आगरकरांना २६ वर्षं जेमतेम पूर्ण झाली होती. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांना एकत्र ठेवलं होतं. रात्र रात्र गप्पा चालायच्या. देशाचं काय करायचं, आधी राजकारण की आधी समाज, यावर वाद. पुढे ज्या वादाने त्यांची मैत्री तुटली त्याची सुरुवात याच कोठडीत झाली असं म्हणता येईल. २६ ऑक्टोबरला सुटका झाली, शिक्षा थोडी आधीच संपली. एकूण १०१ दिवस. बाहेर स्वागताला गर्दी लोटली होती.

या दिवसांवर आगरकरांनी सुटल्या सुटल्या पुस्तक लिहिलं, 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस'. तुरुंगातच त्यांनी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चं भाषांतर करायला घेतलं होतं. ते 'विकारविलसित' नावाने छापून आलं आणि पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. शाहूनगर म्हणजे सातारा. गणपतराव जोशींचा हॅम्लेट बघायला महाराष्ट्र लोटायचा, तो आगरकरांच्या मराठीत बोलायचा. आता हॅम्लेटची गोष्ट आठवा. बापाचं भूत येऊन सांगतं की काकाने माझा खून केला. मुलाला ते पटतं, कारण संशय त्याला आधीच होता. तरीही भुताच्या शब्दावर तो तलवार उपसत नाही, आधी नाटकाचा प्रयोग लावून काकाची परीक्षा घेतो. बनावट पत्रांपायी तुरुंगात बसलेल्या माणसाने नेमकं हेच नाटक हातात घ्यावं, यात योगायोग किती आणि मनातली सल किती, ते ज्याने त्याने ठरवावं.

आता या प्रकरणाची सर्वांत वाईट बाजू. पत्रं खोटी ठरली, दिवाण सुटले. मग महाराजांबद्दलची काळजीही खोटी होती का? चौथ्या शिवाजी महाराजांना नंतर अहमदनगरला नेऊन ठेवण्यात आलं. डिसेंबर १८८३ मध्ये, त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय २०. म्हणजे त्या मुलाचं काहीतरी फार वाईट चाललं होतं, ही लोकांची शंका अगदीच निराधार नव्हती. पण खरी शंका बनावट कागदाला बांधली गेली, आणि कागद फाटला तेव्हा शंकाही कोर्टाबाहेर फेकली गेली. खोट्या पुराव्याने बर्व्यांची बदनामी झाली, संपादक तुरुंगात गेले आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या महाराजांच्या पदरात काहीच पडलं नाही.

यानंतरचे आगरकर सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून भरभर सांगतो. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी बिनसल्यावर १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले. बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण, संमतिवयाचा कायदा, बायकांनी जाकीट घालावं की नाही इथपर्यंत सगळ्यावर लिहिलं. त्यांच्या लिखाणाची पद्धत साधी होती. शास्त्रात लिहिलंय म्हणता? कुठल्या शास्त्रात, कुणी, कधी, कशासाठी आणि आज त्याचा उपयोग काय? जुनं आहे, मोठ्या माणसाने म्हटलंय, सगळे मानतात, ही उत्तरं त्यांना चालायची नाहीत. डोंगरीने त्यांना असं घडवलं असा थेट धागा जोडता येत नाही. पण सगळे मानतात म्हणून मानलेल्या कागदाची किंमत त्यांनी १०१ दिवस मोजली होती, हे तर खरंच.

लोकांना हे प्रश्न झोंबले. सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांच्या घरावरून नेली. दम्याचा त्रास जुनाच होता, तो वाढत गेला. १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि शेवटपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याच सोसायटीने पुढे १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. टेंभूचं पाणी सांगलीत पोचायच्या कितीतरी आधी आगरकरांची शाळा तिथे पोचली होती, असं म्हणायला हरकत नाही.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले. ३९ वर्षं पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी २० रुपये पुडीत बांधून, वर तसं लिहून ठेवले होते असं सांगतात. फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यांच्या घरात त्या दिवशी सापडलेली शिल्लक ती एवढी.